दोन रबरी नळ्यांचा इतिहास #थ्रेड

१९५० च्या दशकातील एखाद्या ब्रिटिश मोटारीचे बॉनेट उघडले की इंजिन, रेडिएटर, कार्बोरेटर, बॅटरी असे सारे आपापल्या नेमल्या जागी बसलेले दिसते. अपवाद दोन रबरी नळ्यांचा. त्या इंजिनावरून तिरप्या निघतात, वाटेत वळसा घेतात आणि मागच्या पत्र्यातील भोकांतून आत नाहीशा होतात. या हीटरच्या नळ्या. जुनी मोटार पुन्हा उभी करणाऱ्याला त्या सरळ कराव्यात, जमल्यास नजरेआड कराव्यात असा मोह होतो. त्या तिरपेपणात मात्र एक कालक्रम नोंदला गेला आहे: मोटार आधी आली, ऊब मागाहून.

फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात तयार झाली. अगदी सुरुवातीच्या सुमारे २,५०० गाड्या वगळता तिला पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन रेडिएटरकडे चढे, निवलेले खाली उतरे, आणि एवढ्यावर इंजिन थंड राही. रचना स्वस्त आणि साधी होती, पण तिच्यात जोर नव्हता. अंगठ्याएवढ्या नळीतून पाणी प्रवाशांच्या पायांपर्यंत ढकलणे आणि परत आणणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते.

म्हणून त्या काळची ऊब म्हणजे जाड पांघरुणे, पायांखालची निखाऱ्यांची पेटी, नाहीतर एक्झॉस्ट. एक्झॉस्टच्या तापलेल्या ओतीव नळीभोवती पत्र्याचे वेष्टण घालायचे आणि त्यातून जाणारी हवा आत सोडायची. उष्णता भरपूर मिळे. मात्र त्या नळीला तडा गेला किंवा सांधा सुटला, तर हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येई. या वायूला ना रंग, ना वास.

गरम पाण्याचा हीटर हे या धोक्याला मिळालेले उत्तर. १९३० च्या दशकात अमेरिकेत डॅशबोर्डखाली टांगलेली, मागे छोटा पंखा असलेली गोल पेटी रूढ झाली. आत एक लहानसा रेडिएटर असे. त्याला पाणी पुरवायचे ते इंजिनाच्या माथ्यावरून, शक्यतो थर्मोस्टॅटच्या अलीकडून, म्हणजे थर्मोस्टॅट मिटलेला असतानाही गरम पाणी मिळत राहते. परतीची नळी जोडायची ती पंपाच्या ओढीच्या बाजूला. या दोन टोकांमधील दाबाचा फरक पाणी खेळवतो. नळ्यांचा मार्ग ठरवणारे तत्त्व एवढेच. उरलेली सगळी जागेची तडजोड. १९३८ मध्ये नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा घेऊन ती अशा रेडिएटरवरून आत सोडणारी रचना आणली. आदल्याच वर्षी हिची शीतकपाटे बनवणाऱ्या केल्व्हिनेटरशी सोयरीक झाली होती, हा योगायोगही नोंदवण्याजोगा.

तडजोड म्हणजे काय, हे मॉरिस मायनर उत्तम दाखवते. ॲलेक इसिगोनिस यांची ही छोटी मोटार १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांपुढे आली, तेव्हा तिलाही पंप नव्हता. १९५०-५१ च्या सुमारास पंप बसला आणि त्यानंतरच कंपनीला हीटर देऊ करता आला. तोही जादा पैसे मोजणाऱ्याला. १९६२ च्या एमजीबीतही हीटर ऐच्छिकच होता. सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे वाढलेल्या वाचकाला यात वावगे वाटणार नाही, पण इंग्लंडच्या जानेवारीत काचेवरचे बाष्प पुसत गाडी चालवणाऱ्याला ते नक्कीच जाणवत असणार.

वस्तू ऐच्छिक असली की तिच्यासाठी जागा राखली जातेच असे नाही. काही हीटर कारखान्यात बसत, काही विक्रेत्याच्या गॅरेजात. दुसऱ्या प्रकारात नळी कुठून न्यायची हे त्या दिवशी काम करणारा मिस्त्री ठरवी. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत नळ्या वेगळ्या वाटांनी गेलेल्या आढळल्या तर एक खोटी ठरत नाही.

अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून प्रवासी मोटारींना काचेवरील बर्फ व बाष्प घालवण्याची व्यवस्था कायद्याने बंधनकारक झाली. तेथील बाजारासाठी तरी हीटर आता उपरा राहिला नाही. आराखड्यातच त्याच्या नळ्यांना वाट द्यावी लागली.

नळ्या नीटनेटक्या बसवू नयेत असा याचा अर्थ मुळीच नाही. इंजिन रबरी पायांवर हलते, मागचा पत्रा स्थिर असतो. त्यामुळे नळीत थोडी ढील हवीच. ताणून सरळ केलेली नळी छान दिसते आणि सांध्यावर फाटते. वळण फार आखूड झाले तर ती चिमटते. पंखा आणि एक्झॉस्ट यांपासून अंतर हवे. मध्येच उंचवटा राहिला तर तेथे हवा कोंडते आणि इंजिन गरम असूनही हीटर थंड राहतो. अनेक अमेरिकन गाड्यांत दोन नळ्यांचे व्यासही निराळे: येणारी पाच अष्टमांश इंच, परतीची पाऊण इंच. दिसायला एकसारख्या हव्यात म्हणून व्यास बदलणे हा निव्वळ अडाणीपणा.

खरा वाद सजावटीचा आहे. हॉट रॉडच्या परंपरेत इंजिन जितके मोकळे तितके देखणे, म्हणून नळ्या लपवणे हे कसब मानले जाते. ती परंपराही जुनीच आहे आणि तिचा मान तिला द्यावा. पण ऐतिहासिक म्हणून मिरवणाऱ्या मोटारीला हा न्याय लागू होत नाही. आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ने २०१२ मध्ये तूरिन येथे स्वीकारलेली सनद वाहनाच्या वापरकाळात झालेले बदलही त्याच्या इतिहासाचा भाग मानते. मोडी कागदावर मागाहून घातलेली ओळ कोणी अभ्यासक खोडत नाही.

येथे अडचण अशी की रबर टिकत नाही. आज एखाद्या मायनरमध्ये दिसणारी नळी मूळची असण्याचा संभव जवळजवळ शून्य. टिकतो तो मार्ग, आणि त्याच्या खुणा: पत्र्यातील भोके, रंगावर नळी घासून पडलेला पट्टा, कुठेतरी गंजून उरलेली क्लिप. स्क्रू फिरवून आवळायची ‘ज्युबिली’ क्लिप १९२१ च्या ब्रिटिश पेटंटची. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत त्याऐवजी स्प्रिंगची कडी असे. क्लिप कोणती यावरून काम कोणाच्या हातचे असावे याचा अंदाज बांधता येतो. म्हणून नळी काढण्याआधी छायाचित्रे घ्यावीत, मोजमापे लिहून ठेवावीत आणि रिकामे भोक वेल्डिंग करून बुजवण्याऐवजी त्याला रबरी बूच लावावे.