फिरोजशहा मेहता आणि मुंबईची म्युनिसिपालिटी

१८७१ सालीं मुंबईच्या करदात्यांचा संताप अनावर झाला होता. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनीं बाजार, गटारें व रस्ते यांची सुधारणा मोठ्या धडाडीनें केली. पण पैसाहि सढळ हातानें खर्चिला. क्रॉफर्डच्या नांवानें गांवभर ओरड चालू असतां, फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें २६ वर्षांच्या एका बॅरिस्टरानें निबंध वाचला. दोष एकट्या माणसाचा नसून व्यवस्थेचा आहे. कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हातीं असावा, पण त्याजवर करदात्यांनीं निवडलेल्या सभेची देखरेख असावी, असें प्रतिपादन त्यांत होतें. सभेस तें मुळींच रुचलें नाहीं. हे बॅरिस्टर म्हणजे फिरोजशहा मेहता.

पुढल्याच वर्षीं नवा कायदा झाला. ६४ सभासदांच्या कॉर्पोरेशनांत निम्मे सभासद करदात्यांनीं निवडावयाचे ठरले. मेहता तेव्हांपासून कॉर्पोरेशनांत आले, आणि चार वेळां त्यांनीं अध्यक्षपद भूषविलें. १८८८ चा म्युनिसिपल कायदा घडत असतां कायदे कौन्सिलांत त्यांनीं व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं कलमन् कलम तपासलें. शहराचा कारभार कॉर्पोरेशनच्या स्वाधीन, हें तत्त्व त्या कायद्यांत कायम झालें. सभासदांची संख्या ७२ झाली.

मेहतांचें हें वजन कांहीं अधिकाऱ्यांस सलूं लागलें. १९०७ सालीं अकौंटंट जनरल हॅरिसन यांच्या पुढाकारानें एक गट जमला. जस्टिसांनीं निवडावयाच्या जागा होत्या १६. गटानें मतांची अशी जुळवाजुळव केली कीं, मेहतांचा क्रमांक १७ वा लागला. पस्तीस वर्षें ज्या सभेची सेवा केली, तिचेंच दार बंद झालें.

परंतु म्युनिसिपालिटीच्या कंत्राटांत ज्याचा हितसंबंध आहे त्यास सभासद होतां येत नाहीं, असा कायदा होता. निवडून आलेल्यांपैकीं एका गृहस्थाची निवड याच कारणानें न्यायालयांत रद्द ठरली, आणि १७ वे मेहता सभासद झाले.

ता. ५ नोव्हेंबर १९१५ रोजीं ते निवर्तले. १९२३ सालीं कॉर्पोरेशनच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभारण्यांत आला. शहराचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून केलेल्या नियमानेंच अखेर त्यांस त्यांची जागा परत दिली. माणसापेक्षां व्यवस्थेकडे पाहा, असें त्यांनीं तरुणपणीं रागावलेल्या सभेस सांगितलें होतें. त्या बोलाची सत्यता ती ही.