अडविणे, मना करणे आणि आधी पोहोचणे

देऊळगाव राजा म्हटले की बुलढाणा जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला जाधवरावांचे घराणे आणि बालाजीचे देवस्थान आठवते. याच तालुक्यात मेहुणाराजा हे गाव आहे. परंपरा त्याला संत चोखामेळ्याचे जन्मस्थान मानते. खडकपूर्णा नदीवर धरण झाले, तेव्हा त्याच्या जलाशयाला ‘संत चोखासागर’ हे नाव देण्यात आले. नाव उचितच आहे. पण शब्दांचा विचार करणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. धरण पाणी अडविते. चोखोबालाही देवाच्या दारात अडविण्यात आले. क्रियापद एकच, मात्र एका अडविण्याने शेते भिजतात, तर दुसऱ्याने माणूस उंबऱ्याबाहेर राहतो.

अडविणे, मज्जाव, मनाई, बंदी, प्रतिबंध, निवारण हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. शाळेत इंग्रजी शिकणारी मुलेही ‘ऑब्स्ट्रक्ट’, ‘फॉरबिड’, ‘प्रोहिबिट’, ‘प्रिव्हेंट’ या साऱ्यांचा अर्थ ‘थांबविणे’ असा एकदाच पाठ करून मोकळी होतात. परीक्षेपुरते ते भागते. परंतु आपली राज्यघटना आणि त्यानंतरचे अनेक कायदे मुळात इंग्रजीत लिहिले गेले आहेत. तेथे कोणते क्रियापद योजले आहे, यावर कोणावर कोणते कर्तव्य येते, हे ठरत असते. म्हणून या शब्दांच्या छटा इतिहासाच्या प्रकाशात पाहणे उपयोगाचे आहे, आणि त्यासाठी चोखोबाच्या दारापासून निघालेली वाट फार बोलकी आहे.

‘ऑब्स्ट्रक्ट’ या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ आहे वाटेत समोर काही रचून ठेवणे. भिंत, कुंपण, बंद दार ही त्याची रूपे. ‘हिंडर’ हा त्याचा जर्मानिक कुळातील सोबती. त्यात मागे ठेवण्याचा, पुढे जाऊ न देण्याचा भाव आहे. चोखोबाच्या वाट्याला हेच आले. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून त्याचा अंत झाला. त्याची समाधी पंढरपूरला आहे, पण विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर. ते दार चोखोबाच्या बांधवांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावे लागले. अडथळा दगडाचा असता तर कधीच झिजला असता. हा मनाचा होता, म्हणून सहा शतके टिकला.

पुढचा शब्द ‘फॉरबिड’. येथे वाटेत काही रचावे लागत नाही, आज्ञा पुरते. ज्याला अधिकार आहे तो ‘करू नकोस’ म्हणतो. आपली ‘मनाई’ हीच. ‘प्रोहिबिट’ हा त्याचा लॅटिन कुळातील भाऊबंद, अधिक औपचारिक, कायद्याच्या पुस्तकात शोभणारा. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या नावात तो आहे. आणि ‘रिस्ट्रेन’ म्हणजे मागे बांधून धरणे, आवरणे. न्यायालय मनाईहुकूम देते, तेव्हा ते माणसाला असे आवरून धरते.

हे शब्द कसे दुधारी असतात, ते महाडच्या चवदार तळ्याने दाखविले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याप्रमाणे तळे खुले केले. ठरावाने कोणालाही मना केले नव्हते, तरी पाण्याला हात लावणे शक्य नव्हते. कारण गाव आडवे उभे होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि विरोधकांनी त्याच वर्षी डिसेंबरात न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. बाबासाहेबांनी तो हुकूम मानला व तळ्यावर जाणे स्थगित ठेवले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. एक ओंजळ पाण्याचा हक्क न्यायालयात सिद्ध होण्यास दहा वर्षे लागली.

२६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेने ही मनाई उलट्या दिशेने फिरविली. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि कोणत्याही रूपातले तिचे आचरण मना केले. तेथील इंग्रजी क्रियापद ‘फॉरबिड’ हे आहे. ज्यांना शतकानुशतके ‘येऊ नका’ असे ऐकविले गेले, त्यांच्या वतीने राष्ट्राने प्रथमच ‘अडवू नका’ असे म्हटले. १९५५ मध्ये अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविषयीचा कायदा झाला. १९७६ मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. परंतु मनाईचा एक स्वभाव आहे. आज्ञा देऊन ती थांबते. कोणी ती मोडली, तर शिक्षा होते. पण तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

येथे ‘प्रिव्हेंट’ या शब्दाचे महत्त्व कळते. त्याचे मूळ लॅटिन ‘प्रेव्हेनिरे’ म्हणजे आधी येणे, अगोदर पोहोचणे. इ. स. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये, थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, हा शब्द ‘कोणाच्या पुढे जाणे’ याच जुन्या अर्थाने आला आहे. आजच्या वाचकाला तेथे ‘रोखणे’ असा अर्थ लावून कोडे पडते. ट्रेंट धर्मपरिषदेने १५४७ मध्ये माणसाच्या आधी येणाऱ्या देवाच्या कृपेविषयी शिकविले, तेव्हा हेच लॅटिन क्रियापद योजले. संत जॉन बॉस्कोने १८७७ मध्ये मुलांच्या संगोपनाच्या दोन पद्धती सांगितल्या. एकीत नियम सांगायचा आणि मोडणाऱ्याला शासन करायचे; दुसरीत शिक्षकाने मुलांच्या सतत सोबत राहायचे, म्हणजे चूक घडण्याआधीच तो तेथे असतो. या दुसऱ्या पद्धतीला त्याने याच शब्दावरून नाव दिले. मराठीत ‘पाण्याआधी वळण बांधणे’ म्हणतात, ते हेच.

अनुसूचित जाती-जमातींविषयीच्या १९८९ च्या कायद्याचे नाव या दृष्टीने वाचावे. ते अत्याचाराच्या मनाईचे नाही, प्रतिबंधाचे आहे, इंग्रजीत ‘प्रिव्हेन्शन’. हा कायदा शिक्षा तर सांगतोच. पण त्याच्या सतराव्या कलमात अत्याचाराचा संभव असलेल्या भागात दंडाधिकारी व पोलीस अधिकारी यांनी आधीच पावले उचलण्याची तरतूद आहे. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात जी नवी कृत्ये गुन्हे म्हणून आली, त्यांतील एका कलमात ‘ऑब्स्ट्रक्ट’ आणि ‘प्रिव्हेंट’ ही क्रियापदे शेजारी शेजारी ठेवली आहेत. विहीर, तळे, रस्ता, स्मशानभूमी, पूजास्थान, शाळा, दवाखाना, लग्नाच्या वरातीतला घोडा, सायकलवर बसणे अशी ती यादी आहे. आड उभे राहणेही गुन्हा आणि माणूस तेथवर पोहोचूच नये अशी तजवीज करणेही गुन्हा. दाराशी कोणी उभे नसते, तरी वाट बंद असू शकते, हे भारतीय गावाचे सत्य त्या दोन शब्दांत सामावले आहे.

हा प्रश्न आपल्या घराबाहेरचा आहे, असे ख्रिस्ती वाचकाने मानू नये. तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिली. वस्तुतः आपल्या धर्मग्रंथात या क्रियापदाचा वापर चिंतनीय आहे. बालकांना अडवू नका, असे प्रभू येशू शिष्यांना सांगतो. कूशी देशाचा अधिकारी, जो जुन्या नियमाप्रमाणे मंडळीबाहेरचा, तो बाप्तिस्म्यास कोणती आडकाठी आहे असे फिलिपाला विचारतो. आणि कर्नेल्याच्या घरी, परराष्ट्रीयांना पाणी कोण नाकारू शकेल, असा प्रश्न पेत्र करतो. तिन्ही ठिकाणी ग्रीक क्रियापद एकच आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरांनी कोठे ‘फॉरबिड’ तर कोठे ‘हिंडर’ असे निरनिराळे शब्द घातल्याने ते सूत्र वाचकाच्या हातून निसटते.

मनाई करण्यास अधिकार लागतो, अडविण्यास बळ लागते. आधी पोहोचण्यास मात्र यातले काही लागत नाही. शेजाऱ्याच्या मुलाची वरात निघण्याआधी त्याच्या अंगणात जाऊन उभे राहणे, विहिरीवर कुरबूर सुरू होण्याआधी दोन्ही घरांत बोलणे, आपल्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर कोण बसते आणि का बसते, हे विचारणे, एवढे कोणत्याही कुटुंबाला जमण्यासारखे आहे. मेहुणाराजाच्या चोखोबापर्यंत असे वेळेवर कोणी पोहोचले नाही. त्याच्या नावाने अडविलेले पाणी आज शेतांना मिळते. हे पाणी पाहणाऱ्याने, आपल्या गावात अजून कोणती वाट बंद आहे, ते आजच जाऊन पाहावे.