मिठाची पिवळी ज्योत आणि साहेबाचे ओटे

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यात दोन महिने गेले, मग दिवाळी. आता डोळे स्वच्छ दिसायला लागलेत, तर आधी स्वतःचीच एक चूक दिसली. ती आज तुमच्यापुढे मांडतो.

माझी नात अकरावीला, शास्त्र शाखेला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आनंदनगरला राहायला आली ती प्रॅक्टिकलची वही घेऊनच. तिला ज्योत परीक्षेचे रंग पाठ करायचे होते. सोडियम सोनेरी पिवळा, पोटॅशियम फिकट जांभळा, कॅल्शियम विटकरी तांबडा, स्ट्रॉन्शियम किरमिजी, बेरियम पिवळसर हिरवा, तांबं निळसर हिरवं. मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. उभ्या आयुष्यात मराठी आणि इतिहास शिकवला. पण ही यादी मला तिच्याइतकीच पाठ आहे, कारण शाळेत आमचे विज्ञानाचे सर रजेवर गेले की प्रयोगशाळेत मुलांवर लक्ष ठेवायला मलाच बसवत.

ती प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं आणि चार स्पिरिटचे दिवे. बन्सेनचा बर्नर पुस्तकातल्या चित्रातच. मुलं तार हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवायची, ज्योतीत धरायची, मग क्षाराला लावून पुन्हा ज्योतीत. आणि गंमत म्हणजे काहीही लावलं तरी ज्योत पिवळीच! चुना लावा, तुरटी लावा, पिवळी. मला वाटायचं बाटल्यांवरची लेबलंच चुकलीत. विज्ञानाचे सर परत आल्यावर हसून म्हणाले, "अहो, पोरांच्या बोटांना घाम असतो. घामात मीठ. मिठात सोडियम. सोडियम सगळ्यांवर रंग ओततो." म्हणून तर पोटॅशियमचा जांभळा रंग बघायला निळी कोबाल्टची काच डोळ्यापुढे धरतात. ती पिवळा प्रकाश अडवते.

हे घामाचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर नातीला मी स्वयंपाकघरात नेलं, गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमटीभर मीठ सोडलं, भपकन पिवळं झालं. (सौभाग्यवती शेगडीकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. ते जास्त वाईट.) आणि मी ऐटीत म्हणालो, "हा पिवळा रंग नीट बघ. याच रंगाच्या मागावर हेलियम सापडला. तोही आपल्या विजयदुर्गावर, १८६८ सालच्या ग्रहणात. लॉकियर नावाच्या साहेबाने तिथे ओटे बांधले होते. मी स्वतः मुलांना नेऊन दाखवलेत."

तिने मोबाईल काढला, थोडं वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "आजोबा, लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता."

त्यानंतरचे तीन आठवडे मी याच नादात घालवले. हल्ली जुने रिपोर्ट घरबसल्या वाचायला मिळतात, आणि डोळे नवे आहेतच. जे हाती लागलं ते क्रमाने सांगतो.

ज्योतीच्या रंगावरून पदार्थ ओळखायची युक्ती तशी जुनी. मार्ग्राफ नावाच्या जर्मन रसायनज्ञाने १७५८ च्या सुमारास सोड्याचे आणि पोटॅशचे क्षार ज्योतीच्या रंगावरून वेगळे ओळखले होते. पण खरी गोष्ट घडली हायडेलबर्गला. बन्सेनने १८५५ च्या सुमारास असा बर्नर करवून घेतला की ज्याच्या ज्योतीला स्वतःचा रंग जवळजवळ नाही. तो रंगीत काचांतून ज्योती बघत बसायचा. त्याचा मित्र किर्शहॉफ म्हणाला, काचा कशाला, लोलकातून बघ. लोलकातून बघितल्यावर रंगाच्या जागी रेघा दिसल्या. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या, ठरलेल्या जागी, जणू बोटांचे ठसेच. डोळ्याला दोन तांबड्या ज्योती सारख्या दिसतील, रेघा सारख्या दिसणार नाहीत. १८६० मध्ये त्यांनी या रेघांवरून एका झऱ्याच्या पाण्यातून सीझियम शोधलं, पुढच्या वर्षी रुबिडियम.

त्यांचा एक प्रयोग मला फार आवडला. खोलीच्या एका कोपऱ्यात त्यांनी ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुधातल्या साखरेबरोबर उडवलं आणि दुसऱ्या टोकाला ज्योतीसमोर दुर्बीण लावून बसले. काही मिनिटांत सोडियमची पिवळी रेघ उजळली. हिशेब केला तर एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी सोडियम त्यांना दिसलं होतं! म्हणजे आमच्या पोरांच्या घामाची तक्रार हायडेलबर्गलाही होतीच. पिवळी रेघ दिसली की सोडियम, ही सवय त्या काळच्या प्रत्येक निरीक्षकाच्या डोळ्याला लागली होती. या रेघेचं नाव 'डी'. बारकाईने बघितलं तर ती जोडरेघ आहे, तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर.

आता या पार्श्वभूमीवर १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण बघा. सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून विजापूरकडे आणि पुढे गुंटूर, मच्छलीपट्टणकडे गेला. खग्रास अवस्था पाच मिनिटांहून अधिक. सूर्याच्या कडेला ज्या तांबूस ज्वाला दिसतात त्या कशाच्या, हे लोलकातून बघायची ती पहिलीच मोठी संधी. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला गेले, मेजर टेनंटही तिथेच, पॉगसन मच्छलीपट्टणला. आणि आपल्या मराठी माणसाला जवळचं ठिकाण म्हणजे जमखंडी, पटवर्धनांचं संस्थान, आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. तिथे रॉयल सोसायटीच्या वतीने आला होता लेफ्टनंट जॉन हर्शेल, सर्वेक्षण खात्यातला ३० वर्षांचा इंजिनियर.

हा हर्शेल कोण? प्रसिद्ध खगोलज्ञ सर जॉन हर्शेल यांचा मुलगा. आणि या वडिलांनी १८२० च्या दशकातच वेगवेगळे क्षार ज्योतीत घालून त्यांचे रंग लोलकातून बघितले होते, बन्सेनच्या कितीतरी आधी. बापाने जे दिव्याच्या ज्योतीत बघितलं ते मुलगा जमखंडीला सूर्याच्या ज्वालेत बघायला आला होता. इतिहासाच्या मास्तराला असं काही सापडलं की जेवण गोड लागतं!

आभाळात ढग होते. हर्शेल अक्षरशः ढगांच्या फटीतून बघत होता. त्याला तीन रेघा दिसल्या. एक तांबडी, एक निळी आणि एक नारिंगी. तांबडी आणि निळी हायड्रोजनच्या. नारिंगी रेघ त्याने मोजली आणि ठरवलं, ही 'डी', म्हणजे सोडियम. पॉगसननेही ती 'डी' च्या जागी किंवा अगदी जवळ नोंदवली. त्यांना दोष कसा देणार? अर्धवट ढगांत, पाच मिनिटांत, आयुष्यभर ज्या जागी सोडियम बघितलं त्याच जागी पिवळी रेघ. कोणीही सोडियमच म्हणेल.

आणि लॉकियर? तो त्या दिवशी इंग्लंडमध्ये. युद्धखात्यात कारकून, खगोलशास्त्र हा फावल्या वेळचा उद्योग. त्याने मागवलेलं नवं वर्णपटदर्शक यंत्र तयार होऊन हातात पडायलाच ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने आपल्या घरच्या दुर्बिणीतून, ग्रहण नसताना, सूर्याच्या ज्वालेचा वर्णपट बघितला. तिकडे जान्सेननेही ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी गुंटूरला हीच युक्ती साधली होती. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला आली. फ्रान्स सरकारने पुढे दोघांची चित्रं असलेलं एकच पदक काढलं.

लॉकियरचं वेगळेपण असं की त्याला ग्रहणाची घाई नव्हती. तो पुन्हा पुन्हा बघत राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की पिवळी रेघ 'डी' वर बसत नाही. किंचित बाजूला आहे. आजच्या मापाने ५८७.६, म्हणजे दोन नॅनोमीटरचाही फरक नाही. ती हायड्रोजनचीच असेल म्हणून त्याने फ्रँकलंड या रसायनज्ञाबरोबर वेगवेगळ्या दाबाखाली हायड्रोजन तपासला. रेघ काही मिळेना. मग हे पृथ्वीवर माहीत नसलेलं मूलद्रव्य असावं असं धरून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं गेलं. पुष्कळ जणांचा विश्वास बसला नाही. १८९५ च्या मार्चमध्ये रॅम्झे यांना क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून एक वायू मिळाला, आणि त्याच्या वर्णपटात तीच रेघ होती. सत्तावीस वर्षं गेली.

मग विजयदुर्गाचे ओटे? ते खोटे नाहीत. लॉकियर विजयदुर्गाला आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला! तेव्हा तो सर नॉर्मन लॉकियर झाला होता. बरोबर फाउलरसारखा निष्णात माणूस, आरमाराचं 'मेल्पोमीनी' जहाज, आणि मदतीला त्या जहाजावरचे नौसैनिक. संक्रांतीनंतरचं कोरडं आभाळ, खग्रास जेमतेम दोन मिनिटं. त्याने विजयदुर्गाच्या निरीक्षणांवर लिहिलेला मोठा निबंध रॉयल सोसायटीने छापला. साहेबाचे ओटे त्या वेळचे असणार असं मला वाटतं. म्हणजे लॉकियर तिथे पोचला तेव्हा हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं होत आली होती.

गोंधळ कसा झाला असेल? माझा आपला अंदाज. १८६८ आणि १८९८, एका आकड्याचा फरक. शिवाय १८७१ च्या डिसेंबरातलं ग्रहण लॉकियरने आजच्या केरळातल्या बेकलच्या किल्ल्यावरून बघितलं होतं, तोही समुद्रकाठचाच किल्ला. साहेब तोच, धातू-वायू तोच, ग्रहण, किल्ला, समुद्र. सगळं एकात एक मिसळलं. अलीकडे १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिनही साजरा होतो. किल्ल्याकडे त्या निमित्ताने लोक जातात हे चांगलंच, पण तारीख एका ग्रहणाची आणि ओटे दुसऱ्या ग्रहणाचे.

१८९८ च्या त्याच ग्रहणाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला एक आपला माणूस यंत्रं लावून बसला होता, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभारली होती, तिच्यात २० इंची दुर्बीण, त्या काळी भारतातली सर्वांत मोठी. पुणे प्लेगने पोळलेलं, आणि हा मनुष्य जेऊरला जाऊन सूर्याच्या कडेचे वर्णपट घेतो. त्यांचा रिपोर्ट १९०२ मध्ये छापून निघाला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. मी पुण्याला शंभर वेळा गेलो असेन, हे नाव कधी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही, आणि मीही कधी कोणाला सांगितलं नाही. लॉकियरचं मात्र तीस वर्षं सांगत होतो.

आता मुख्य गोष्ट. १९९४ च्या डिसेंबरात आमच्या शाळेची सहल विजयदुर्गला गेली. ओट्यांपाशी मुलांना बसवून मी माझं हेलियमचं भाषण ठोकलं. १८ ऑगस्ट १८६८, भर दिवसा अंधार, साहेब दुर्बिणीला डोळा लावून बसलेला... रंगात आलो होतो. तेवढ्यात मागून एका मुलाने हात वर केला. त्याचं आजोळ देवगडकडचं. "सर, ऑगस्टमध्ये इथे सूर्य दिसतो का?"

सगळी मुलं हसली. मीही हसलो. आणि म्हणालो, "तुझ्यापेक्षा साहेबाला जास्त कळत होतं. बस खाली." पोरगं बसलं. परतीच्या प्रवासात गाडीत कोणीतरी त्याला 'हेलियम' म्हणून हाक मारली आणि ते नाव दहावीपर्यंत चिकटलं. मी ऐकत होतो, थांबवलं नाही.

आता विचार करा, किती साधा प्रश्न. ऑगस्टात कोकणात धो धो पाऊस. ग्रहण बघायला निघालेला शहाणा माणूस घाट ओलांडून पलीकडे, जमखंडीला, विजापूरला जाईल, आणि तिथेही ढगांनी छळलंच. ऐन पावसाळ्यात विजयदुर्गाच्या तटावर दुर्बीण कोण लावेल? माझ्या सगळ्या पुस्तकी माहितीला पुरून उरणारा प्रश्न त्या तेरा वर्षांच्या मुलाने विचारला होता, आणि मी त्याला खाली बसवलं.

तो आता इथेच, आनंदनगरच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात आहे. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरून नंबर मिळाला. नातीने लावून दिला फोन. मी सगळं सांगितलं, जमखंडी, हर्शेल, १८९८, सगळं. शेवटी म्हणालो, "तुझं बरोबर होतं. मी चुकलो होतो." पलीकडे थोडा वेळ शांतता. मशीनचा आवाज येत होता.

"सर, मी असं विचारलं होतं? मला नाही आठवत," तो म्हणाला. मग हसला. "'हेलियम' मात्र आठवतंय. बायकोसुद्धा चिडवते अजून."

पुढच्या रविवारी येतो म्हणालाय. त्यांच्या लॅबमध्ये वर्णपटाचं यंत्र आहे, नातीला दाखवायला घेऊन जाणार आहे. मी पण जाईन म्हणतो.