नारिंगी चौकोनाची गोष्ट

गेल्या शनिवारी जुनी हार्ड डिस्क साफ करत बसलो होतो. त्यात २०१३ सालची एक ओपीएमएल फाइल सापडली. उघडली तर आत दीडेकशे फीड्सचे पत्ते! साफसफाई तिथेच राहिली.

आता थोडा इतिहास. मार्च १९९९. नेटस्केपचं 'माय नेटस्केप' नावाचं पोर्टल होतं. वेगवेगळ्या साइट्सचे ताजे मथळे तिथे एकाच पानावर दिसावेत म्हणून रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी एक फॉरमॅट बनवला : आरएसएस ०.९०. (गुहा आपल्या आयआयटी मद्रासचे बरं का!) कल्पना अगदी साधी. साइटने मथळा आणि दुवा एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा. वाचकाच्या प्रोग्रामने अधूनमधून येऊन ती फाइल बघायची, नवीन असेल ते उचलायचं. बस्स.

इतक्या साध्या गोष्टीवरूनही भांडणं झालीच. नेटस्केपने लक्ष काढून घेतलं आणि डिसेंबर २००० मध्ये दोन वेगळे आरएसएस निघाले. एका गटाचं १.०, ज्यात अवघ्या १४ वर्षांचा ॲरन स्वार्ट्झ होता. आणि डेव्ह वाइनर यांचं ०.९२. वाइनरनी २००२ मध्ये २.० आणलं. या वादाला कंटाळलेल्या मंडळींनी २००३ मध्ये ॲटमचा घाट घातला, तो २००५ मध्ये आयईटीएफचं अधिकृत प्रमाण झाला. एका घरात तीन चुली!

वाचकाला मात्र याची झळ लागली नाही, कारण फीड रीडर सगळेच प्रकार वाचत. एका गोष्टीवर तर चक्क एकमत झालं. फायरफॉक्समधला तो नारिंगी चौकोन आठवतोय? डिसेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही तोच घ्यायचं ठरवलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगल रीडर आलं होतं. सकाळचा चहा आणि रीडर, असं समीकरणच होऊन गेलं. १ जुलै २०१३ ला ते बंद झालं, आणि 'आरएसएस मेलं' अशी हाकाटी झाली. पण मेलं कुठे? पॉडकास्ट आजही त्याच्याच जिवावर चालतात. बंद झालं ते एक दुकान. रस्ता कुणा एकाच्या मालकीचा नव्हताच, मग तो बंद कोण करणार?

असो. ती जुनी फाइल एका नव्या रीडरमध्ये टाकून बघितली. बरेच पत्ते गेले होते, काही अजून चालू होते. त्यात एका जुन्या मित्राचं पान निघालं. शेवटची नोंद २०११ ची. मधल्या काळात आमचा संपर्कही तुटलाय. काढून टाकणार होतो, पण हात थांबला. समजा उद्या त्याने चार ओळी लिहिल्याच, तर मला काय दाखवायचं हे कुठलाही अल्गोरिदम ठरवणार नाही. त्या थेट माझ्याकडे येतील.

तुमच्याकडेही अशी एखादी फाइल कुठेतरी पडलेली असेल. बघा शोधून.