कुंभकोणमहून तंजावर : एका दिवसाची ज्ञानयात्रा

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे जसे देवळांचे, तसे विद्येचेही गाव आहे. महाराष्ट्रातून दक्षिणयात्रेस आलेला भाविक येथे कुंभेश्वराचे दर्शन घेतो, महामहम् तलावाच्या पायऱ्या उतरतो आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरतो. परंतु एकट्याने निघालेल्या विद्यार्थ्यास येथून एका दिवसात निराळी यात्रा घडू शकते. तिची ठाणी म्हणजे वस्तुसंग्रहालये. लिपी अनोळखी, बोली अनोळखी. आपण परमुलखात आहोत याची जाणीव पावलोपावली होत असते. आणि तरीही याच मुलखाने सुमारे पावणेदोनशे वर्षे मराठी राज्य पाहिले आहे.

यात्रेचा आरंभ सारंगपाणी संनिधी मार्गावरील एका साध्या घरापासून होतो. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण येथे गेले. गणितावाचून अन्य विषयांत मन न रमल्यामुळे येथील सरकारी महाविद्यालयातील त्यांची शिष्यवृत्ती गेली. पुढे १९१४ साली हाच तरुण केंब्रिजला गेला. १९१९ मध्ये तो परतला आणि १९२० मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, निवर्तला. आता ते घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. तेथे पाहण्यासारख्या वस्तू थोड्या आहेत. पण ज्ञानासाठी परदेशी जाणे किती महाग पडू शकते, हे त्या लहान खोल्यांत न सांगता समजते.

कुंभकोणमपासून तंजावर सुमारे चाळीस किलोमीटर. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५च्या सुमारास तेथे राज्य स्थापिले. त्या राज्याबरोबर आलेली कारकुनी, शास्त्री आणि सरदार घराणी कावेरीच्या काठाने पसरली. त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे टी. माधवराव हे अशाच मराठी घराण्यातले. त्यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमातच झाला.

तंजावरच्या राजवाड्यातील कलादालनात चोळकालीन ब्राँझमूर्ती आहेत आणि त्याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. त्या ग्रंथालयाचे वैभव वाढविणारे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) हेही मुळात विद्यार्थीच. वारसाहक्काच्या तंट्यामुळे त्यांना तरुणपणी मद्रासेत राहावे लागले. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांना पाश्चात्त्य विद्येची गोडी लागली. १७९८ साली गादी मिळाली, पण पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. किल्ला व त्याभोवतालचा थोडा प्रदेश एवढीच सत्ता उरलेल्या राजाने काय करावे? सरफोजींनी अभ्यास चालू ठेवला.

ते युरोपात कधी गेले नाहीत. त्यांनी युरोप पेट्यांतून आणविला. पाश्चात्त्य भाषांतील सुमारे साडेचार हजार पुस्तके त्यांनी जमविली. नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसह लिहून ठेवविल्या. देवनागरी छापखाना काढला आणि इसापाच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ १८०६ साली छापविले. भविष्य सांगणाऱ्या भटक्या स्त्रीच्या मुखातून कथा सांगण्याचा जो कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार, त्यात त्यांनी मराठीतून जगाचा भूगोल गुंफला. ती ‘देवेंद्र कुरवंजी’. परक्या विद्येला आपल्या भाषेचे आणि शेजाऱ्याच्या कलेचे वस्त्र नेसविण्याची ही दृष्टी आजही दुर्मीळ आहे.

बृहदीश्वराच्या आवारात चोळांच्या तमिळ लेखांच्या सान्निध्यात १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आहे. बाबुराय चिटणिसांनी रचलेला हा विस्तीर्ण शिलालेख देवनागरीत असल्याने मराठी विद्यार्थ्यास अक्षरे तरी लागतात. दिवसभर परकेपणाचे ओझे वाहिलेल्या डोळ्यांना ती ओळख सुखावते. पण या सुखापाशी थांबणे म्हणजे यात्रा अर्धी सोडणे होय.

कारण खरे वैभव काचेच्या कपाटात नाही. ते ग्रंथालयातील आठशेंहून अधिक मोडी रुमालांत बांधलेले आहे. त्यांत दरबारचे हिशेब आहेत, देवस्थानांच्या नेमणुका आहेत, रोजच्या व्यवहाराचे तपशील आहेत. १८५५ साली दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झाले. ते कागद मात्र मागे राहिले. पुढे महाराष्ट्रातील शाळांतून मोडीही गेली, आणि आजच्या मराठी विद्यार्थ्यास आपल्याच भाषेचे हे कागद अनोळखी तमिळ पाट्यांइतकेच मुके वाटतात. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ साली निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर खंडशः प्रसिद्ध केले, म्हणजे त्या मुलखाने आपल्याकडे राहिलेली ठेव आपली मानून वाचली.

या घटनेत मराठी माणसाने खंत करण्यापेक्षा शिकण्याजोगे अधिक आहे. वारसा रक्ताने मिळत असला, तरी तो टिकतो वाचणाऱ्याच्या कष्टांनी. वस्तुसंग्रहालय पाहण्यास एक दिवस पुरतो. मोडी शिकण्यास काही महिने लागतात. सरफोजींच्या दरबाराची भाषा बोलणाऱ्याने तेवढे महिने दिले, तरच त्या रुमालांच्या गाठी मराठी हातांनी सुटतील.