लोहमार्गाची शिस्त आणि खेळाचे शास्त्र

नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यात, अंकाई-टंकाईच्या जोडकिल्ल्यांच्या व हडबीच्या शेंडीच्या सान्निध्यात वसलेल्या मनमाडला जे महत्त्व प्राप्त झाले, ते कोणा राजाच्या सनदेने अथवा तीर्थमाहात्म्याने नव्हे, तर रुळांच्या संगमाने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ 1860 नंतरच्या दशकात या भागातून भुसावळकडे गेले. पुढे, मुंबईहून निघणारे ईशान्येचे व आग्नेयेचे दोन्ही लोहमार्ग घाटमाथ्यावरच परस्परांस जोडले, तर माल घाटाखाली उतरवून पुन्हा वर चढविण्याचे कष्ट वाचतील, या हिशेबाने, दख्खनच्या भीषण दुष्काळाच्या वर्षांतच दौंड-मनमाड मार्गाचे काम होऊन 1878 मध्ये तो खुला झाला. आणि शतक संपता संपता निजामाच्या मुलखातून औरंगाबादमार्गे येणारा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग येथे येऊन मिळाला, तेव्हा मनमाड खऱ्या अर्थाने जंक्शन झाले.

परंतु हा संगम सरळ नव्हता. मुंबईचे रूळ साडेपाच फूट अंतराचे आणि हैदराबादचे केवळ एक मीटरचे, त्यामुळे एका मार्गावरचा डबा दुसऱ्या मार्गावर चालणे अशक्य होते. 1990 च्या दशकात हा मार्ग रुंद होईपर्यंत मराठवाड्यातून आलेला माल येथे एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. कोणती वाघीण कोणत्या रुळावर, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या गाडीपूर्वी आणावी, म्हणजे एकाचे काम दुसऱ्याच्या मार्गात आडवे येणार नाही, हा यार्डातील कारभाऱ्यांपुढचा प्रश्न होता आणि तो रोज नव्याने सोडवावा लागे. मर्यादित जागा, मर्यादित चाली, ठरलेले नियम आणि गाठावयाचे साध्य, ही जी चतुःसूत्री कोणत्याही उत्तम खेळाच्या मुळाशी असते, तीच या कष्टाच्या कामाच्याही मुळाशी होती.

एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून रेल्वेने जी युक्ती योजली, ती या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. लगतच्या दोन स्थानकांतील यंत्रे तारेने अशी परस्परबद्ध केलेली असत की, त्या दोहोंतून मिळून एका वेळी एकच टोकन, म्हणजे धातूचा एकच गोळा, बाहेर निघे; आणि तो गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी पुढे हाकावयाची नाही, असा सक्त हुकूम असे. केबिनमधील लिव्हरची रचनाही तशीच. सांधा योग्य दिशेला बसून पक्का झाल्याशिवाय त्या मार्गाचा सिग्नल पाडणे यंत्रच अशक्य करी. येथे नियम पुस्तकात छापलेला नसून लोखंडात घडविलेला आहे, आणि तो मोडण्याची वाटच यंत्रात ठेवलेली नाही. माणसाच्या सद्बुद्धीवर सर्वस्वी विसंबून न राहता परिस्थितीच अशी रचावी की योग्य कृती सुलभ आणि अयोग्य कृती दुष्कर व्हावी, हे तत्त्व आज व्हिडिओ गेमच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभीच शिकावे लागते.

या दोन विद्यांचा संबंध केवळ कल्पनेचा नाही; त्याला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठात 1946 मध्ये ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ या नावाची विद्यार्थ्यांची संस्था स्थापन झाली. लहानशा रुळांवर लहानशा गाड्या धावविणाऱ्या या मंडळात एक गट सिग्नल व वीजपुरवठा सांभाळणारा होता, आणि दूरध्वनियंत्रणेतील रिले जोडून सांधे व गाड्या यांचे नियंत्रण करणारी गुंतागुंतीची यंत्रणा त्याने उभी केली होती. विद्यापीठात 1961 मध्ये पीडीपी-1 हा संगणक येताच या मंडळातील तरुणांनी तो आपलासा केला. 1962 मध्ये स्टीव्ह रसेल याने सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्यावर ‘स्पेसवॉर’ हा दोन अवकाशयानांच्या द्वंद्वाचा खेळ सिद्ध केला, पीटर सॅम्सनने त्यात खऱ्या आकाशातील तारे मांडले, आणि अ‍ॅलन कोटोक व बॉब साँडर्स यांनी खेळणाऱ्याच्या हाती द्यावयाच्या नियंत्रणपेट्या त्याच क्लबात सापडलेल्या लाकूड, तारा आणि खटक्यांतून बनविल्या. व्हिडिओ गेमच्या इतिहासातील या आद्य कृतीचे कर्ते अशा रीतीने रेल्वेच्या सिग्नलांवर बुद्धी घासलेले होते. आणि ही कृती निव्वळ करमणुकीची राहिली नाही. संगणकाचे सारे अवयव एकाच वेळी कामाला लावणारा हा खेळ, नवे यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी त्याच्या निर्मात्यांनीच परीक्षा म्हणून वापरला.

मनोरंजनाबाहेरचा हा उपयोग त्याहूनही जुना आहे. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी फोन राइसविट्झ याने 1824 मध्ये नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी प्रचारात आणला. वाद्यनिर्मात्याच्या कुळात जन्मलेल्या एडविन लिंकने 1929 च्या सुमारास ऑर्गनचे भाते व झडपा वापरून जमिनीवरच विमानोड्डाण शिकविणारे यंत्र रचले. आरंभी ते जत्रांतील गंमत म्हणून विकले गेले, परंतु 1934 मध्ये टपाल वाहून नेणारे अनेक वैमानिक अपघातांत मरण पावल्यावर अमेरिकी सैन्याला त्याचे मोल कळले. अलीकडे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘फोल्डइट’ या खेळात सामान्य खेळाडूंनी एका विषाणूच्या प्रथिनाची रचना उलगडली, जी वर्षानुवर्षे शास्त्रज्ञांना चकवीत होती. 2011 मध्ये ती प्रसिद्ध झाली. आपल्या रेल्वेनेही हा मार्ग केव्हाच पत्करलेला आहे. प्रशिक्षणशाळांच्या मॉडेल रूममध्ये लहान रूळ, लहान सिग्नल आणि खरीखुरी ब्लॉक यंत्रे मांडून भावी स्टेशनमास्तरांना गाड्या घेणे व सोडणे शिकविण्याचा शिरस्ता जुना आहे, आणि आता ड्रायव्हरांसाठी पडद्यावर धावणारा मार्ग दाखविणारे सिम्युलेटरही आले आहेत. ज्या व्यवसायात एका चुकीची किंमत शेकडो प्राणांनी चुकवावी लागते, त्या व्यवसायाला चूक निर्धास्तपणे करून पाहण्याची एक जागा अत्यावश्यक असते. आणि तशी जागा निर्माण करणे हेच खेळाच्या रचनेचे सर्वांत मोठे सामाजिक कार्य होय.

मराठी माणसाला तर ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नाही. परंपरा जो मोक्षपट ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते, त्यात कवड्यांच्या दानाने चालणारी सोंगटी सद्गुणांच्या शिड्यांनी चढते व दुर्गुणांच्या सर्पांनी घसरते; नीतीचा उपदेश शब्दांनी न करता पटाच्या मांडणीने करावा, ही दृष्टी तेथे स्पष्ट आहे. विलायतेत गेलेल्या सापशिडीतून ही नीती हळूहळू गळून पडली आणि केवळ दैवाचा खेळ उरला. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी जमीनमालकीतून उद्भवणारा अन्याय दाखविण्यासाठी ज्या पटाचे पेटंट 1904 मध्ये घेतले, त्याचीही पुढे मक्तेदारीचा गौरव करणाऱ्या ‘मोनोपॉली’त परिणती झाली. यावरून एक गोष्ट शिकावयाची ती ही की, खेळाचा अर्थ त्याच्या हेतूत नसून त्याच्या नियमांत असतो. नियम बदलले की शिकवणही बदलते. म्हणूनच केवळ चांगला उद्देश असून भागत नाही, रचनेचे शास्त्र शिकावे लागते. अंगणात पिढ्यानपिढ्या खेळल्या जाणाऱ्या खो-खोला 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियमबद्ध केले, तेव्हा त्या मंडळींनी हेच शास्त्रीय कार्य केले होते.

आज हे शिक्षण महाराष्ट्रात उपलब्ध होऊ लागले आहे. पुण्यात 2008 मध्ये फ्रेंच संस्थेच्या सहकार्याने खेळरचनेचे शिक्षण सुरू झाले, आणि 2025 मध्ये मुंबईत केंद्र शासनाच्या पुढाकाराने ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ ही संस्था कार्यान्वित झाली. या विद्येत चित्रकला व संगणकाची भाषा यांच्या जोडीला मानसशास्त्र, संभाव्यतेचे गणित, कथनकला आणि, या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे, आपली रचना अनोळखी माणसापुढे ठेवून त्याचे कोठे अडते हे पाहण्याचा धीर लागतो.

परंतु ही विद्या दोन महानगरांच्या चतुःसीमेत राहू नये. मनमाडमध्ये पुलांचे गर्डर घडविणारा रेल्वेचा कारखाना आहे, अन्नधान्याची विशाल गोदामे आहेत, आणि ज्यांच्या आजोबांनी सांधे बदलले व ज्यांच्या वडिलांनी टोकनचे गोळे झेलले अशी शेकडो घरे आहेत. वाहतूक, साठवण, दुष्काळात धान्याचे वाटप, पाण्याची टंचाई, या सर्व प्रश्नांचे खेळ रचता येतील आणि ते ज्यांनी अनुभवले त्यांच्याकडूनच रचले गेले पाहिजेत. म्हणून या गावच्या शाळा-महाविद्यालयांच्या चालकांना विनंती आहे की, त्यांनी निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना वर्गात सन्मानाने बोलवावे, त्यांच्याकडून यार्डाचे नियम मुलांना समजून घेऊ द्यावेत, आणि त्या नियमांवर आधारलेला पहिला खेळ मुलांकडून, आधी कागदावर व मग संगणकावर, तयार करवून घ्यावा. त्यासाठी मोठा निधी नको, सरकारी मंजुरी नको. काम आजच सुरू करता येईल.