उकिरड्याचा पांग



‘बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो’ ही म्हण तुम्ही लहानपणापासून ऐकत आला असाल. कोणाचे दिवस वाईट आले की घरातली वडीलधारी माणसे ती सांगून धीर देतात. तिचा भावार्थ आपल्याला ठाऊक आहेच. पण आज तिचा शब्दार्थही जरा ध्यानात घ्या. परसातल्या उकिरड्यात शेण पडते, गोठ्यातला केर पडतो, चुलीतली राख, भाजीचे देठ, खरकट्या पत्रावळी पडतात. ऊन-पाऊस लागून ते सारे कुजते आणि पुढे गाड्या भरभरून रानात जाते. काल ज्याच्या जवळून नाक धरून जात होतो, त्याच्याच जोरावर यंदाची ज्वारी उभी राहते. उकिरड्याचा पांग फिटतो तो असा.

आज मी तुम्हाला अशा एका उकिरड्याची हकिकत सांगणार आहे की, ज्याला बारा सोडाच, पन्नास वर्षे झाली तरी त्याचा पांग फिटला नाही. हा उकिरडा आहे मुंबईच्या टोकाला, मुलुंड येथे. तो असा का राहिला याची कारणे अनेक आहेत. पण त्यातले एक मोठे कारण तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलेले सापडेल. ते म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी.

मुलुंड म्हणजे मुंबईची उत्तरेकडची वेस. ती ओलांडली की ठाणे. पश्चिमेला डोंगर आणि जंगल, पूर्वेला ठाण्याची खाडी. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला गेलेली पहिली आगगाडी याच वाटेने गेली. पुढे १९२२ च्या सुमारास क्राऊन आणि कार्टर या वास्तुशास्त्रज्ञांनी इथल्या वस्तीचा आराखडा केला. आजही स्टेशनाबाहेर पडलात तर उभे-आडवे सरळ रस्ते एकमेकांना काटकोनात छेदताना दिसतील. १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द वाढली आणि मुलुंड मुंबईत आले. शहर जवळ आले की नळ येतात, दिवे येतात, पक्के रस्ते येतात. त्यांच्या पाठोपाठ शहराचा केरही येतो. १९६७-६८ च्या सुमारास खाडीच्या बाजूची सुमारे २४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ साठ एकर जमीन मुंबईचा कचरा टाकण्यासाठी वापरात आली.

आता त्या वेळच्या बाजारावर एक नजर टाकू या. माणूस बाजाराला निघाला की हातात कापडी पिशवी असायची. ती बहुधा जुन्या धोतराची, नाहीतर मांजरपाटाची, घरीच शिवलेली. गोडेतेलाला किटली, दह्याला भांडे, मासळीला डबा. वाणी रद्दीच्या कागदात साखर बांधून वर दोरा गुंडाळून द्यायचा आणि तो दोराही घरात कोणीतरी गुंडाळून ठेवायचे. फुलांची पुडी पानात बांधलेली असे. मुंबईत आरे दुग्ध वसाहतीचे दूध काचेच्या बाटलीतून मिळत असे. तोंडावर पातळ पत्र्याचे टोपण असे, आणि रिकामी बाटली परत दिली की भरलेली मिळे. या साऱ्यात एक नियम होता. कोणी तो लिहून ठेवला नव्हता, पण पाळत सगळे होते. वस्तू ज्यातून आणायची ते पात्र एकतर घरी परत यायचे, नाहीतर मातीत मिसळून जायचे. तिसरी वाटच नव्हती.

ती तिसरी वाट प्लॅस्टिकने उघडली. पॉलिथीन हा पदार्थ १९३३ साली इंग्लंडात एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत सापडला, तोही अपघातानेच. दुसऱ्याच काही रसायनांवर दाब देऊन पाहत असताना भांड्यात मेणासारखा पांढरा थर उरला. दुसऱ्या महायुद्धात रडार यंत्राच्या तारांना वेष्टण म्हणून त्याचा मोठा उपयोग झाला. त्याची पिशवी झाली ती नंतर. स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट कंपनीतील स्टेन गुस्ताफ थुलिन या अभियंत्याने एका अखंड नळकांड्यातून कापून दोन कानांची पिशवी तयार करण्याची युक्ती काढली आणि १९६५ साली तिचे पेटंट अमेरिकेत नोंदले गेले. म्हणजे आपण मंडईत जी पिशवी बोटात अडकवतो, ती फार तर दोन पिढ्यांची आहे.

आपल्याकडेही तेच दिवस होते. ठाण्याच्या खाडीपलीकडे, ठाणे-बेलापूर रस्त्यावर १९६८ साली नोसिल कंपनीचा कारखाना सुरू झाला. नाफ्त्यापासून इथिलीन वायू आणि इतर रसायने काढणे हे त्याचे काम. या इथिलीनपासूनच पॉलिथीन तयार होते. पाहा कसा योग! खाडीच्या पलीकडच्या काठावर प्लॅस्टिकचा कच्चा माल तयार होऊ लागला आणि अलीकडच्या काठावर, त्याच सुमारास, त्याच्या शेवटाची जागा तयार झाली. पण त्या वेळी हे दोन्ही काठ जोडून पाहण्याचे कोणाला सुचले नाही.

१९८० नंतर पातळ पिशव्यांचे दिवस आले. खरे सांगायचे तर पिशवीचे गुणही थोर होते. वजनाला हलकी, पावसात न भिजणारी, किमतीला इतकी स्वस्त की दुकानदार ती फुकट देई. कोळणीला, भाजीवालीला ती सोयीची वाटली यात नवल नाही. आषाढाच्या धारेत कागदी पुडा घरी नेऊन पाहिला असेल त्याला तिची किंमत कळेल. पण तिचा जो सर्वात मोठा गुण, न कुजण्याचा, तोच पुढे सर्वात मोठा अवगुण ठरला. वापर पंधरा मिनिटांचा आणि आयुष्य आपल्या नातवंडांच्या पलीकडचे, असा हा व्यवहार होता.

आता उकिरड्याकडे परत येऊ. ओला केर मोकळा पडला तर त्याला हवा लागते आणि तो कुजतो. तोच केर पिशवीत घालून, वर गाठ मारून टाकला तर हवा आत जात नाही. तो आतल्या आत सडतो. अशा ढिगात मिथेन नावाचा जळणारा वायू तयार होतो. म्हणून तर कचऱ्याच्या डोंगरांना आगी लागतात आणि दिवसचे दिवस धुमसतात. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या ढिगाला अशीच आग लागली. तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला होता. आसपासच्या वस्तीने तो धूर छातीत घेतला.

आणि सारीच पिशवी काही उकिरड्यापर्यंत जात नाही. काही गटारात जातात, काही नाल्यात, तिथून खाडीत. खाडीकाठच्या तिवरांची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून वर डोकावतात. त्यांच्याभोवती पिशव्या गुंडाळल्या की झाड गुदमरते. ही तिवरे गेली की मासळीच्या पिलांचा निवारा जातो. ज्या ठाणे खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित केले आणि २०२२ साली जागतिक महत्त्वाच्या रामसर पाणथळ जागांत स्थान मिळाले, तिचीच ही कथा आहे.

तुम्ही म्हणाल, हे झाले शहराचे. आम्हा खेड्यातल्या माणसांचे काय? तर ऐका. शिळ्या भाकरीचे तुकडे आणि भाजीची साले पिशवीत बांधून कोणी रस्त्याकडेला टाकली. वासाने गाय आली. गायीला गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. गायीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात पॉलिथीन पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. एकावर एक पिशवी साठत जाते. रवंथ मंदावते, दूध आटते आणि भरल्या पोटाने जनावर उपाशी मरते. वेळीच लक्षात आले तर पशुवैद्य पोट फाडून तो गोळा बाहेर काढतात. शेतातही तेच. खताबरोबर गेलेले प्लॅस्टिकचे तुकडे नांगरटीत खाली-वर होत राहतात. पाणी मुरायला अडथळा होतो, कोवळ्या मुळ्यांची वाट अडते. गाडगेमहाराज खराटा घेऊन गाव झाडीत, तेव्हा झाडलेला केर मातीच्या ओळखीचा होता. आजच्या केराला माती ओळखत नाही.

याची जाणीव सर्वांना एका दिवसात करून दिली ती २६ जुलै २००५ या तारखेने. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मुंबईची जुनी गटारे तासाला पंचवीस मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली. त्यात समुद्राची भरती आणि बुजवलेले, अरुंद झालेले नाले. अशा दिवशी एकट्या पिशवीला दोष देणे न्यायाचे होणार नाही. पण पाण्याला जी थोडकी वाट उरली होती तिच्या तोंडाशी पिशव्यांचे बोळे अडकले होते, हेही तितकेच खरे. शेकडो माणसे दगावली. शेजारच्या बांगलादेशाने हाच धडा १९८८ आणि १९९८ च्या पुरांतून घेतला आणि २००२ साली पातळ पिशव्यांवर बंदी घातली. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश.

आपल्याकडे कायद्याचा प्रवास मायक्रॉनच्या आकड्यांतून झाला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणपणे साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. १९९९ साली केंद्र सरकारने ठरवले की पिशवी वीस मायक्रॉनपेक्षा पातळ नको. पुरानंतर महाराष्ट्राने २००६ च्या नियमांत पन्नासाची अट घातली. केंद्राने २०११ साली चाळीस, २०१६ साली पन्नास, २०२१ साली पंचाहत्तर आणि २०२२ च्या अखेरीपासून एकशेवीस असा आकडा चढवत नेला. जाडीचा एवढा आग्रह कशासाठी, असे मुले विचारतील. शिक्षकांनी त्यांना जरूर सांगावे. पातळ पिशवी इतकी हलकी की किलोभर वजन भरायला शेकडो गोळा कराव्या लागतात. कचरा वेचणाऱ्या बाईला ते परवडत नाही, म्हणून ती बाटली उचलते आणि पिशवी सोडून देते. पिशवी जाड झाली की तिला भंगारात मोल येते आणि दुकानदारही ती फुकट वाटत नाही, असा तो हिशोब. हिशोब चुकीचा नव्हता. पण मंडईच्या गर्दीत मायक्रॉन मोजणार कोण?

म्हणून २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने जाडीचा वाद सोडून हातात धरण्याच्या सर्वच प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली. जून महिन्यात ती अमलात आली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांची कैद. काही आठवडे पिशव्या दिसेनाशा झाल्या. मग किराणा मालाच्या वेष्टणाला सवलत मिळाली, तपासणी सैल पडली आणि पिशव्या हातगाडीच्या खालच्या खणातून हळूच पुन्हा बाहेर येऊ लागल्या. कारण काय? दंड भाजीवालीला होता आणि सवय आपली होती. रिकाम्या हाताने येऊन ‘पिशवी द्या हो’ म्हणणारे गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीवर जाऊ नये म्हणून ती बिचारी धोका पत्करते. तिच्या दिवसभराच्या कमाईपुढे पाच हजार म्हणजे काय, याचा विचार त्या गिऱ्हाइकाच्या मनात येत नाही.

त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, मुलुंडच्या उकिरड्यावर नवा कचरा टाकणे थांबले. तोवर तिथे सुमारे सत्तर लाख टन कचरा साचला होता. तो उपसायचा, वाळवायचा, चाळायचा, माती एकीकडे, दगड-विटा दुसरीकडे आणि प्लॅस्टिक-चिंध्या तिसरीकडे करायच्या, असे काम सहा वर्षांच्या मुदतीने देण्यात आले. मुदत उलटली तरी डोंगर पुरता हलला नव्हता. भाजीपाला टाकला होता त्याची माती झाली. पिशव्या मात्र पिशव्याच राहिल्या. चाळून काढलेल्या प्लॅस्टिकला सिमेंटच्या भट्टीत जळण होण्यापलीकडे फारशी गती नाही. मुलुंड बंद झाले म्हणून शहराचा केर थांबला असेही नव्हे. तो कांजूरमार्ग आणि देवनारकडे वळला. उकिरडा बंद करता येतो. पण केर करणारे घर जोवर तेच आहे, तोवर उकिरडा नुसता गाव बदलतो.

तेव्हा करायचे काय? शाळेतल्या गुरुजी-बाईंना एक छोटा पाठ सुचवतो. बाजारात हल्ली कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी मिळते. पुष्कळांना ती कापडाचीच वाटते. मुलांना ती उजेडात धरून पाहायला सांगा. खऱ्या कापडात उभा-आडवा धागा दिसतो, कडेचा एखादा ओढून काढता येतो. या पिशवीत धागा नाही, नुसते दाबलेले ठिपके आहेत. तीही प्लॅस्टिकच. मग प्रत्येकाने घरातल्या जुन्या साडीची, नाहीतर सदऱ्याची एक पिशवी शिवून आणावी. आजी शिवून देईल, आणि तिच्याकडून जुन्या बाजाराच्या चार गोष्टीही कळतील. पिशवी शिवून खिळ्याला अडकवून ठेवली तर उपयोग नाही, बरं का! ती दाराशी, चपलांच्या वर टांगावी, म्हणजे बाहेर पडताना हाताला लागेल.

आणि शेतकरी बंधूंनी एवढे पाहावे की परसातल्या उकिरड्यात प्लॅस्टिकचा तुकडा जाणार नाही. खरकटे पिशवीत बांधून टाकू नये. गाय आपली असो वा शेजाऱ्याची. तुमच्या उकिरड्याला अजून मातीची ओळख आहे. मुलुंडच्या डोंगराला चाळण्या लावून जे काम करावे लागत आहे, ते तुमच्या परसात ऊन, पाऊस आणि गांडुळे फुकट करतात. त्यांच्या वाटेत आपण पिशवी आणली नाही, तर त्याचा पांग फिटायला बारा वर्षेही लागणार नाहीत. एक पावसाळा पुरे होईल.